आधी जन्मतारखेचा घोळ निस्तरा

घोडबंदर रोडवरच्या एका आईचं पत्र आहे. 20 मे 2025 पासून येऊरला चार दिवसांचं कौटुंबिक सुट्टी शिबिर होतं. मोठी माणसं अंताक्षरीला बसली की यांचा मुलगा आणि सोळा वर्षांची एक मुलगी बाहेर पायरीवर गप्पा मारत बसायची. घरी आल्यावर मेसेज सुरू राहिले. आता मुलीच्या वडिलांनी पोलिसांत अर्ज दिलाय आणि मुलाला बोलावणं आलंय. ‘तोही तेव्हा अठराचा नव्हता, मग मिटेल ना?’ असा प्रश्न आहे.

मे महिना सरला की अशी पत्रं येतातच. पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, अठराखालच्या मुलीची संमती धरत नाहीत, हे आता पुन्हा सांगत बसत नाही.

ताई, तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तुम्ही कंसात उरकली आहे. मुलाची जन्मतारीख पालिकेच्या दाखल्यावर 12 जून 2007, पण ज्युनिअर केजीला 31 मेपर्यंत वय पूर्ण असण्याची अट होती म्हणून प्रतिज्ञापत्र करून शाळेत 12 मे लावली. दहावीच्या प्रमाणपत्रावरही तीच तारीख. म्हणजे पालिकेच्या हिशेबाने शिबिराच्या दिवशी तो सतराचा, बोर्डाच्या हिशेबाने अठरा पूर्ण होऊन आठ दिवस झालेला. एक वर्ष वाचवायला केलेला हा उद्योग आज पोराच्या मुळावर आलाय.

कारण बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 94 मध्ये कागदांचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर पालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. तुमच्या सोयीचा कागद दुसऱ्या नंबरवर आहे. वय बघतात ते घटनेच्या दिवशीचं, तक्रारीच्या दिवशीचं नाही. अल्पवयीन ठरला तर प्रकरण भिवंडीच्या बाल न्याय मंडळापुढे जाईल आणि त्याला लॉकअपमध्ये ठेवता येणार नाही. सज्ञान ठरला तर ठाण्याचं विशेष न्यायालय. तिथे वर्षभरात खटला संपावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. कोर्टनाक्यावर एकदा चक्कर मारा, म्हणजे त्या अपेक्षेचं काय होतं ते दिसेल.

वाट अगदीच बंद नाही. ऋषिपाल सिंह सोळंकी प्रकरणात (2021) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की वय काठावर असेल आणि त्याच पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील, तर अल्पवयीन मानण्याकडे कल ठेवावा. म्हणून पालिकेच्या जन्मनोंदीचा प्रमाणित उतारा काढा आणि त्यावर नोंदणीची तारीख बघा. जन्मापासून 21 दिवसांच्या आत नोंद झालेली असेल तर तिला वजन येतं. प्रसूतिगृहाचे कागद शोधा. शाळेतलं ते प्रतिज्ञापत्र लपवू नका. तारीख का बदलली हे तुम्हालाच सांगावं लागणार आहे. आधार कार्ड घेऊन धावू नका, जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते टिकत नाही. हे सगळं कोर्ट मान्य करेलच अशी हमी मी देत नाही.

आरोप नेमके काय आहेत ते अर्जाची प्रत बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. पण मेसेजचं वेगळं आहे. 12 जूननंतरच्या मेसेजना कुठलाही दाखला वाचवणार नाही, तेव्हा तो दोन्ही कागदांवर सज्ञान होता. आणि तुम्ही त्याच्या फोनमधलं चॅट उडवून टाकलंत! मुलीच्या फोनमध्ये ते आहेच, वर पुरावा नष्ट केल्याचा ठपका तुमच्यावर. आता फोनला हात लावू नका, मुलीला किंवा तिच्या मैत्रिणींना एकही निरोप जाऊ देऊ नका, ‘आपसात मिटवू’ म्हणून तिच्या वडिलांकडे माणसं पाठवू नका.

शाळेतली तारीख दुरुस्त करण्याचा अर्जही आत्ता नको, तक्रारीनंतरची दुरुस्ती बनावच वाटेल. फौजदारी वकील आजच गाठा. अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा ठरला तर वयाचा मुद्दा त्यात पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या, आणि पोलीस ठाण्यात मुलाला एकटं पाठवू नका.