अल्माटीवरून किर्गिझस्तान, आईला घेऊन

प्रश्न: मी आणि आई (वय 63) जूनअखेर किर्गिझस्तानला जायचं म्हणतोय. बिश्केकचं तिकीट महाग आहे, अल्माटीचं स्वस्त पडतंय. कझाकस्तानला व्हिसा लागत नाही म्हणे, मग तिथून रस्त्याने गेलो तर? आईला झेपेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: जमेल की, आईंना घेऊन खुशाल जा. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, 2022 पासून ही सोय आहे, पण ती फक्त कझाकस्तानपुरती. किर्गिझस्तानचा ई-व्हिसा घरून निघतानाच हातात हवा, बॉर्डरवर बघू असं अजिबात करू नका, आणि तो सगळ्या नाक्यांवर चालत नाही म्हणून अर्ज भरतानाच यादीत आपला नाका आहे ना ते बघा.

अल्माटी ते बिश्केक साधारण 240 किमी, सायरान बसस्टँडवरून मार्श्रुत्का म्हणजे मिनीबस मिळतात, चार-पाच तास धरा. दमछाक होते ती कोर्दायच्या नाक्यावर, म्हणजे दोन्ही देशांच्या सीमेवर. तिथे सगळ्यांना सामानासकट उतरवतात, गाडी वेगळी जाते, आपण रांगेत उभं राहायचं, एकीकडचा शिक्का घेऊन चू नदीवरचा पूल चालत ओलांडायचा, पलीकडचा शिक्का घ्यायचा आणि मग आपली गाडी शोधायची, तिथे सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या गाड्या उभ्या असतात त्यामुळे उतरायच्या आधी नंबरप्लेटचा फोटो काढाच. टॅक्सी केलीत तरी चालणं चुकत नाही. आईंकडे फक्त पर्स आणि पाण्याची बाटली द्या, बॅगा तुम्ही घ्या. शनिवार-रविवार टाळा.

माझ्या मते प्रवासापेक्षा उंचीचा विचार जास्त करा. बिश्केक 800 मीटरवर, इसिक-कुल तलाव 1600 वर, तिथे आईंना काही त्रास होणार नाही. सोन-कुल तलाव मात्र 3016 मीटरवर आहे, जूनमध्येही रात्री कडाक्याची थंडी, मुक्काम युर्तमध्ये म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, आणि टॉयलेट बाहेर लांब. आधी इसिक-कुलला तीन-चार दिवस राहा, मगच वर जा, आणि बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. तिथली कुरणं आणि घोडे बघायला आई हव्यातच, म्हणून घाई करू नका.

परतीचं विमान अल्माटीहून असेल तर बिश्केक आदल्या दिवशीच सोडा, नाक्यावरच्या रांगेचा काही भरवसा नसतो.