ताई, हा हात जपायचा की हलवायचा?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका आणि त्यांच्या घरचे मला सगळ्यात जास्त दोन गोष्टी विचारतात. केमोने अंगात त्राण उरलेलं नसताना व्यायाम कुठून करायचा? आणि ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, तो हात हलवला तर सुजणार नाही ना?

सुनंदाताई (नाव बदललं आहे) आल्या तेव्हा त्यांच्या घरात हे दोन्ही प्रश्न ठाण मांडून बसले होते. सातारा जिल्ह्यातलं गाव, दोन खोल्यांचं घर. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं, जखम भरलेली, केमो चालू. बोलायला सुरुवात सासूबाईंनीच केली. "आम्ही तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही," त्या अभिमानाने म्हणाल्या, आणि अभिमान वाटावा असंच त्यांचं करणं होतं. पाण्याचा तांब्यासुद्धा सुनेच्या हातात नेऊन देत होत्या. ताई मात्र डावा हात पोटाशी धरून बसलेल्या. डोक्याला बांधलेला स्कार्फ सोडून पुन्हा बांधून दाखवा म्हटलं, तर कोपर खांद्याच्या वर जाईना. "आईच बांधून देतात," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांची भीती खुळी नव्हती. या हाताने काही उचलू नका, असं पूर्वी डॉक्टरही सांगत. कॅनडातल्या व्हँकुव्हरला १९९६ साली डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी ही समजूत तपासायची म्हणून ऑपरेशन झालेल्या २४ बायकांना चक्क होडी वल्हवायला बसवलं. एकीच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांच्या अभ्यासात आधीच हात सुजलेल्या १४१ बायका होत्या. त्यातल्या निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्यापासून सुरू करून, हळूहळू वजनं वाढवत नेली. वर्षभराने त्यांची सूज इतरांपेक्षा वाढलेली नव्हती, उलट सूज उसळून येण्याचं प्रमाण १४ टक्के होतं आणि वजनं न उचलणाऱ्यांत २९ टक्के. यात महत्त्वाचं आहे ते 'हळूहळू'. त्या बायका शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली सुरुवात करत होत्या आणि हाताला सूज दाबून ठेवणारी, मापाची खास घट्ट बाही घालत होत्या.

सासूबाई ऐकत होत्या, पण पटलं ते ताईंच्या यजमानांना, आणि तेही वेगळ्याच कारणाने. "पुढे रेडिएशन आहे ना?" मी विचारलं. "तेव्हा हात डोक्याच्या वर नेऊन न हलता पडून राहावं लागतं. आज तो खांद्यापर्यंत जेमतेम जातोय." त्यांनी लगेच वही काढली.

आधी सर्जनना विचारलं, मग फिजिओथेरपिस्टनी व्यायाम ठरवून दिला. जागा लागली ती फक्त एका भिंतीची. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवायची, ओढ बसली की थांबून श्वास घ्यायचा आणि सावकाश खाली यायचं. जिथवर बोटं पोचली तिथे पेन्सिलीची रेघ. ओढ बसणं चालतं, कळ येता कामा नये. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आणि संध्याकाळी अंगणात चालणं, सुरुवातीला दहाच मिनिटं. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं, तर वेग कमी करायचा.

थकव्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. केमोचा थकवा झोपून जात नाही. दिवसभर पडून राहिलं की स्नायू आणखी दुबळे होतात आणि उठणं अजून जड जातं. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम थकवा आणि मनाची घालमेल दोन्ही कमी करतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण डोस झाल्यावरचे दोन-तीन दिवस ताईंना नको वाटायचं. त्या दिवसांत बाथरूमपर्यंतचं चालणंही पुरे, असं आम्ही ठरवलं. एक दिवस बुडला म्हणून सगळं सोडून देणाऱ्या बायका मी खूप पाहते, त्याचं फार वाईट वाटतं.

वहीत पहिल्या पानावर एवढं मात्र ठळक लिहून घेतलं: ताप, चक्कर, छातीत दुखणं असेल तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. हात लाल, गरम झाला किंवा अचानक सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना. रक्तातल्या पेशी फार कमी झाल्या असतील किंवा आजार हाडांत पोचला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करायचं नाही.

रेडिएशनच्या आधी ताई भेटल्या तेव्हा स्कार्फ स्वतः बांधून आल्या होत्या. आता अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन व्यायाम चालतो. भरलेली कळशी कधी उचलू, असं त्यांनी विचारलं. "बाटलीनंतर एक लिटरची बाटली, मग फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हा पुढचं," मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, कळशी मीच आणेन, पण पोळ्या तिने लाटल्या तर चालतील ना? चालतील, दोन-चारपासून सुरुवात करा, असं सांगितलं.