बायोटेक्नॉलॉजीतल्या संशोधकाचा एच-इंडेक्स २५ असेल तर तो चांगला मानायचा का?

एच-इंडेक्स २५ म्हणजे त्याच्या किमान २५ पेपरांना प्रत्येकी २५ किंवा जास्त सायटेशन्स (इतर संशोधनात केलेले उल्लेख) आहेत. हे माप जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलं. वय वाढतं तसा हा आकडा वाढतच जातो, कमी कधीच होत नाही, त्यामुळे तरुण आणि ज्येष्ठ संशोधकांची तुलना त्यावरून करूच नये. गूगल स्कॉलरवर तो स्कोपस या संशोधनपत्रांच्या डेटाबेसपेक्षा बहुधा जास्त दिसतो, कारण गूगल स्कॉलरवर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच प्रसिद्ध केलेल्या पेपरांमधली) सायटेशन्सही धरली जातात.

शिवाय सायटेशन कशासाठी मिळालं, हे बघाच. लॉरी यांचा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. प्रयोगशाळेत ती पद्धत वापरली की त्याचा उल्लेख करावाच लागतो. उलट कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांच्या एमआरएनएवरच्या (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूवरच्या) २००५ च्या पेपरकडे सुरुवातीला फारसं कुणी बघितलं नाही. २०२३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं!

मी तरी आधी त्या माणसाचे पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून आलेले चार-पाच पेपर वाचेन. या क्षेत्रात शेवटचं नाव बहुतेक वेळा प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं असतं.