‘तुला तर येतंच की!’

जुलैत कॉलेजं सुरू झाली की ऑगस्टच्या मध्यापासून एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. “मॅडम, वर्गात सगळ्यांना आधीपासून येतं, मीच कोरी.” कधी ती जर्मनबद्दल असते, कधी अकाउंट्सबद्दल, कधी कोडिंगबद्दल. गेल्या महिन्यात एका मुलाने हेच अरबीबद्दल लिहून विचारलं. मुंबईला बी.ए.ला हौसेने विषय घेतला, पण वर्गातली निम्मी मुलं पहिल्याच दिवशी धडाधड वाचायला लागली. आता विषय बदलू का?

त्याला उत्तर म्हणून त्या धडाधड वाचणाऱ्यांपैकीच एकीची गोष्ट सांगते. तिला विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

शबाना म्हणू तिला. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातली. वडील वीस वर्षं कुवेतला ड्रायव्हर. ती मुंबईत शिकायला, अरबी घेऊन. गणपतीच्या सुट्टीत, चाकरमान्यांच्या गर्दीत अर्धा प्रवास उभ्याने करून घरी आली आणि म्हणाली, मी परत जात नाही. आई तिला माझ्याकडे घेऊन आली.

सगळं ऐकून मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, “अगं, पण तुझं तर सोपंय! लिपी येते, वाचता येतं. तुला तर अर्धं येतंच की!”

ती “हो” म्हणाली. पुढ्यातलं पाणीसुद्धा न पिता उठली आणि गेली. मी माझ्या वहीत लिहून ठेवलं, ‘जमेच्या बाजूंची जाणीव करून दिली.’ ती नोंद आज वाचली की माझं मलाच हसू येतं. ती कॉलेजला परत गेली, पण दिवाळीपर्यंत तिचा फोन नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती आपणहून आली, एकटी. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढायचा होता, तो अर्ज हातात. बसल्या बसल्या म्हणाली, “मॅडम, तुम्ही पण तेच बोललात जे सगळे बोलतात.”

मग खरी गोष्ट बाहेर आली. सहाव्या वर्षी ती मक्तबात, म्हणजे कुराण वाचायला शिकवणाऱ्या शाळेत जायला लागली. हातात ‘कायदा’, म्हणजे आपल्या अंकलिपीसारखं पहिलं पुस्तक. जबर, जेर, पेश या स्वरांच्या खुणा लावून वाचायचं. दहाव्या वर्षी कुराण वाचून पूर्ण झालं, घरात मिठाई वाटली. उच्चार स्वच्छ, सूर चांगला. अर्थ मात्र तिला तिथे कोणी शिकवला नव्हता. कॉलेजात पहिल्या आठवड्यात सरांनी तिला वाचायला उभं केलं, सगळे ऐकत राहिले. “आता अर्थ सांग.” तिला एका शब्दाचाही सांगता आला नाही.

पाचव्या आठवड्यात त्याहून वाईट झालं. धड्यातल्या खुणा गेल्या. अरबीत ऱ्हस्व स्वर अक्षरांच्या वर-खाली खुणांनी दाखवतात. कुराणाच्या प्रतीत त्या सगळ्या असतात, वर्तमानपत्रात आणि एरवीच्या पुस्तकांत जवळजवळ नसतात. नुसतं ‘क-त-ब’ लिहिलेलं असतं. ते ‘कतबा’ (त्याने लिहिलं) आहे, ‘कुतिबा’ (लिहिलं गेलं) आहे की ‘कुतुब’ (पुस्तकं), हे वाक्य कळल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणजे वाचण्यासाठी आधी समजावं लागतं. इतकी वर्षं जे तिला सहज येत होतं, ते भर वर्गात बंद पडलं. आणि जुलैत अलिफ गिरवायला लागलेला गुहागरकडचा एक मुलगा अडखळत का होईना, वाचून गेला. त्याने प्रत्येक शब्द अर्थासकटच घेतला होता ना.

त्या रात्री तिने वडिलांना फोन करून नव्याने शिकलेलं “कैफ हालुका?” विचारलं. ते हसले. “असं कोण बोलतो इथे? ‘श्लोनक’ म्हण.” पुस्तकी अरबी आणि आखातातली बोली यांत एवढं अंतर असतं, हे त्या पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं.

“घरात तीन अरबी आहेत मॅडम. दादीची तिलावतीची, म्हणजे कुराणपठणाची, अब्बांची कुवेतची आणि ही कॉलेजची. यातली माझी कुठली?”

न येण्याची लाज परवडते. ‘यायला हवं होतं’ याची लाज फार वाईट, कारण ती तोंड उघडू देत नाही. शबानाने चार महिन्यांत वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता. आणि मी पहिल्याच भेटीत त्याच लाजेवर शिक्का मारला होता. तिची माफी मागितली, तेव्हा कुठे ती जरा सैल झाली.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. आठवड्याला चार तास, सोळा आठवडे, म्हणजे चौसष्ट तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना अरबी शिकवायला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २२०० तास धरते. शबानाला तो आकडा जसाच्या तसा लागू नाही. पण ६४ आणि २२०० शेजारी-शेजारी बघून ती पहिल्यांदा हसली. “म्हणजे मी अजून स्टँडवरच आहे.”

दुसरं, सरांना सांगायचं वाक्य आम्ही चारदा म्हणून बघितलं: “सर, मला वाचता येतं, अर्थ येत नाही. मला पहिल्या धड्यापासून धरा.” चौथ्या वेळी तिचा आवाज कापला नाही. पुढे तिने ते खरंच सांगितलं. सर म्हणाले, दरवर्षी पाच-सहा जण असेच असतात, फक्त सांगायला कोणी येत नाही.

तिसरी गोष्ट माझी नव्हे, तिचीच. तिला कोशात शब्द सापडत नसत, कारण अरबीचे बरेच कोश मूळ अक्षरांवर लावलेले असतात. ‘म’ने सुरू होणारा शब्द ‘म’खाली असेलच असं नाही. ते मला समजावताना तिची नजर हातातल्या अर्जावर गेली. तहसील. मग महसूल. दोन्हींचं मूळ एकच, ह-स-ल, मिळवणे. मग आम्ही अर्जच वाचायला घेतला: अर्ज, दाखला, तालुका, जिल्हा, तारीख, मजकूर. सगळे अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेले. मजकूर म्हणजे ज्याचा जिक्र, म्हणजे उल्लेख झाला तो. “हा तर मला अर्थासकट येतो!” ती म्हणाली. पुढचा पाऊण तास तीच बोलत होती. मला अरबीतलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे तो तास फार छान गेला.

पहिल्या सेमिस्टरला ती जेमतेम पास झाली. दुसऱ्याला बरी.

तर पत्र लिहिणाऱ्या मुला, विषय आवडतच नसेल तर खुशाल बदल. पण ‘बाकीच्यांना येतं’ म्हणून बदलू नकोस. त्यांना काय येतं ते तुला अजून माहीत नाही. अठ्ठावीस अक्षरं काही आठवड्यांत बसतात. ‘ऐन’ या अक्षराचा उच्चार आणि कंठातला तो खोल ‘ह’ मात्र पुस्तकातून येत नाही. शेजारच्या धडाधड वाचणाऱ्या मुलीला सांग, हे जरा वाचून दाखव. ती कदाचित तुला अर्थ विचारेल.

शबानाचा परवाच फोन होता. आता तक्रार अनेकवचनांची. अरबीत बरीचशी अनेकवचनं शब्द आतून मोडून होतात, पाठच करावी लागतात. “पण एक मला पाठ करावं लागलं नाही मॅडम. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात अमीर-उमराव असतात ना? त्यातले उमराव म्हणजे अमीरचंच अनेकवचन.”