फोटो हलवले, पण बॅकअप कुठे आहे?

प्रश्न : लॅपटॉपची ५१२ जीबीची एसएसडी (आतली साठवणीची जागा) भरत आली म्हणून ३०० जीबी फोटो १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकले आणि लॅपटॉपवरून काढले. कामाच्या फायली गूगल ड्राइव्हवर सिंक होतात. एवढा बॅकअप पुरेसा आहे का?

उत्तर : नाही. फोटोंचा तर आज बॅकअपच नाही. ते एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवले आहेत, इतकंच. चालू डिस्क टेबलावरून पडली तर डेटा वाचणारं हेड आतल्या फिरत्या तबकडीवर घासू शकतं, आणि मग डेटा परत मिळवायला नव्या डिस्कच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. तेव्हा आणखी एक १ टीबीची डिस्क याच आठवड्यात घ्या. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर ३०० जीबी तासाभराच्या आत उतरतात, पण हजारो लहान फायली असल्या की बराच जास्त वेळ लागतो. कॉपी झाल्यावर वेगवेगळ्या फोल्डरमधले दहा-बारा फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमके तिथेच फसतात.

दोन्हींतली एक डिस्क नातेवाइकांकडे ठेवा, म्हणजे चोरी झाली किंवा घरात पाणी शिरलं तरी एक प्रत वाचेल. घरातली डिस्कही कायम जोडून ठेवू नका, कारण रॅन्समवेअर (खंडणीसाठी फायली अडवणारं सॉफ्टवेअर) जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतं.

आता सिंकबद्दल. लॅपटॉपवर फाइल पुसली की ती गूगल ड्राइव्हवरूनही कचरापेटीत जाते आणि ३० दिवसांनी कायमची नाहीशी होते. मार्चमध्ये चुकून पुसलेलं बिल जुलैमध्ये शोधलं तर सापडणार नाही. शिवाय फुकटची १५ जीबी जागा जीमेल आणि गूगल फोटोजसह मिळून असते. म्हणून कामाच्या फायलींसाठी विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधून फाइल हिस्टरी (फायलींच्या जुन्या प्रती वेगळ्या डिस्कवर जपणारी सोय) सुरू करा आणि दर शनिवारी घरातली डिस्क जोडून 'रन नाउ' दाबा. डी ड्राइव्हवरचं फोल्डर त्यात आपोआप येत नाही. ते आधी विंडोजच्या लायब्ररीत (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांच्या यादीत) घालावं लागतं.

प्रश्न : ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह रिकामा असूनही लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ त्यावर जात नाही. असं का?

उत्तर : तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार, त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. पेन ड्राइव्हवर राइट-क्लिक करून 'फॉरमॅट'मध्ये मोठ्या फायली चालणारी एक्सफॅट पद्धत निवडा. मात्र पेन ड्राइव्ह फक्त ने-आण करायला वापरा. लग्नाच्या व्हिडिओची एकुलती एक प्रत त्यावर ठेवू नका.