वाचक विचारतात : रॅन्चवरचं प्रेम आणि रॅन्चवरचा खून

मागच्या अंकात रॅन्चवर, म्हणजे अमेरिकेतल्या गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांवर, घडणाऱ्या रोमँटिक सस्पेन्स कादंबऱ्यांबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतेय.

प्रश्न : ताई, नोरा रॉबर्ट्सची 'मोंटाना स्काय' संपवली. बाप मरतो आणि तीन बायकांच्या तीन मुलींना मृत्युपत्रात अट घालून जातो की वर्षभर रॅन्चवर एकत्र राहा, तरच वाटा. असली अट कोर्टात टिकते की नुसता फिल्मीपणा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : टिकू शकते. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात सज्ञान मुलांसाठी बापाने काही ठेवलंच पाहिजे असं बंधन नाही, मग अट घालून ठेवलं तर तक्रार कसली करणार! अट बेकायदा किंवा अगदीच अघोरी नसली म्हणजे झालं. पुस्तक १९९६चं आहे पण ही युक्ती अजून चालते, कारण एकमेकींचं तोंड न बघितलेल्या तिघी एका छताखाली येतात आणि आधी जनावरं मरायला लागतात, मग माणसं, आणि निघून जायची सोय कुणालाच नाही. खुनी कोण ते इथे छापत नाही, निम्मे वाचक अजून मधल्या पानांवर असतील.

प्रश्न : या कादंबऱ्यांमध्ये कापलेली गाय का सापडते नेहमी? खरंच घडतं असं? (ठाणे)

उत्तर : १९७०च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम भागात अशा बातम्यांचं पीकच आलं होतं, जीभ नाही, डोळे नाहीत, रक्ताचा थेंब नाही, मग कुणी म्हणे सैतानाचे पुजारी, कुणी म्हणे उडत्या तबकड्या. एफबीआयमधून रिटायर झालेल्या केनेथ रोमेल यांनी न्यू मेक्सिकोत तपास केला, १९८०मध्ये रिपोर्ट आला, आणि निष्कर्ष असा की गाय आपली आपण मेलेली, मऊ भाग कोल्ह्या-गिधाडांनी आणि किड्यांनी खाल्लेले. लेखकांना अर्थातच हा निष्कर्ष सोयीचा नाही.

प्रश्न : मी स्वतः अशी कादंबरी लिहितेय. नायिका पुण्याची आयटीवाली, मोंटानात जाते, रॅन्चवाल्याच्या प्रेमात पडते, गायी चोरीला जातात, खून होतो. पाच चॅप्टर झालेत पण मैत्रीण म्हणते रॅन्च खोटा वाटतो. काय करू? (पुणे)

उत्तर : मैत्रीण बरोबर बोलतेय, तुम्ही पाठवलेली पानं वाचली. तुमचा हिरो दिवसभर घोड्यावर बसून सूर्यास्त बघतो, काम कधी करतो? रॅन्च म्हणजे कामाचं कॅलेंडर असतं बाई. फेब्रुवारी ते एप्रिल गायी व्यायला येतात, बाहेर बर्फ, पहिलारू गायींना रात्रीतून दोन-तीनदा जाऊन बघावं लागतं, वासरू आडवं आलं तर हात घालून पायाला साखळी बांधून ओढावं लागतं. तुमचं पहिलं चुंबन तुम्ही नदीकाठी ठेवलंय, ते पहाटे तीनला गोठ्यात आणा, दोघं कोपरापर्यंत भरलेले, वासरू नुकतंच शिंकलंय. आणि तेव्हाच लक्षात येऊ दे की मागचं फाटक कुणीतरी उघडं टाकलंय.

आता चोरी. तुम्ही लिहिलंय की रातोरात दोनशे गायी ट्रकमध्ये घातल्या आणि विकल्या. अहो, मोंटानात गाय विकायची किंवा दुसऱ्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) न्यायची तर ब्रँड इन्स्पेक्टर येऊन गायीच्या अंगावर उठवलेला मालकाचा डाग बघतो आणि कागद देतो. डाग रजिस्टर असतो, आणि नुसती खूण नाही, जागासुद्धा, म्हणजे तीच खूण डाव्या बरगडीवर असेल तर एकाची आणि उजव्या पुठ्ठ्यावर असेल तर दुसऱ्याची असू शकते. यातच तुमचा क्लू आहे! नायिका डेटावाली आहे ना, तिला इन्स्पेक्शनच्या जुन्या कागदांचे गठ्ठे द्या, तिला तिथे 'डावी'च्या जागी 'उजवी' सापडू दे. घोड्यावरून पाठलाग करायला लावण्यापेक्षा हे तिला जास्त शोभेल.

आणि शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, दहा मिनिटांत पोचतो ते आधी काढा. मोंटानातली गारफील्ड काउंटी घ्या, आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठी आणि लोकवस्ती साधारण बाराशे. शेरीफ मतांवर निवडून येतो, हाताखाली मोजकी माणसं, मृत्यूची चौकशी करणारा कोरोनरही सहसा निवडून आलेला आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे असं नाही. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याच घरच्यांची मतं शेरीफला हवीत. हे सोडून तुम्ही शेरीफला नुसता मिशीवाला मूर्ख का केलाय ते मला कळलं नाही.

एक राहिलंच, गडी लोकांची खोली. हंगामापुरता आलेला माणूस, मागचं कुणी विचारत नाही. खुनी तिथलाच असणार हे वाचक तिसऱ्या पानावर ओळखतात, म्हणून तो तिथला नको.

प्रश्न : आमच्याकडे अशी कादंबरी का होत नाही? (एक काका, बुलढाणा)

उत्तर : काका, जमीन कुठून आणायची? १९६१च्या सिलिंग कायद्याने महाराष्ट्रात कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर. मोंटानाच्या कोरड्या भागात एका गाय-वासरामागे वीस-तीस एकर कुरण लागतं, म्हणजे त्या हिशोबाने आपला रॅन्च दोन गायींचा, त्यात खून कुठे लपवणार! आपल्याकडे सस्पेन्स बांधावर असतो, कुणी किती कोरला आणि फेरफार कधी झाला यात. तुम्हीच लिहा, आणि नायिकेला तलाठी करा, अख्ख्या गावाची भांडणं तिच्या दप्तरात असतात.