एच-४वर आलेल्या सिस्टरला पत्र

प्रिय सिस्टर,

अनेक आशीर्वाद.

बीएस्सी नर्सिंग केलेली, आयसीयूत रात्रपाळ्या काढलेली मुलगी "आता काय, नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या एच-४वर घरीच बसायचं" असं लिहिते, हे वाचून जीव तुटला. म्हणून आधी एक गोष्ट नीट समजून घे. अमेरिकेत काम करायची परवानगी आणि नर्सिंगचं लायसन्स ही दोन वेगळ्या दारांवरची कामं आहेत. परवानगी म्हणजे ईएडी. एच-४वाल्यांना २०१५ पासून ते मिळू लागलं, पण बहुतेकींना नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी त्याच्या कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत वाट पाहावी लागते. लायसन्स राज्याचं बोर्ड देतं. ते तुझं शिक्षण, तुझं रजिस्ट्रेशन आणि तुझी परीक्षा बघतं, नवऱ्याच्या नोकरीशी त्याला देणंघेणं नाही. ईएडी हातात येईपर्यंत थांबलीस तर त्यानंतरचे कितीतरी महिने कागद गोळा करण्यात जातील. आत्ताच सुरुवात कर.

एखादा एजंट सांगेल की हॉस्पिटल तुला नर्स म्हणून थेट ग्रीन कार्ड काढून देईल. नर्सेस 'शेड्यूल ए'मध्ये, म्हणजे अमेरिकेत माणसं कमी पडणाऱ्या कामांच्या यादीत येतात, त्यामुळे लेबर सर्टिफिकेशनची, म्हणजे या कामाला इथलं माणूस मिळत नाही हे सिद्ध करायची पायरी वाचते, हे खरं. पण ईबी-३ची, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या तिसऱ्या गटाची रांग चुकत नाही. तिथे एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा आहे आणि भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. त्या आशेवर कुणाला पैसे देऊ नकोस. आणि ईएडीशिवाय नर्सचं काम फुकटातही करू नकोस, स्टेटस धोक्यात येतं.

अर्ज कुठल्या राज्यात करायचा, हे घर कुठे आहे एवढ्यावरून ठरवू नकोस. बरीच राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर मागतात आणि तो तुझ्याकडे ईएडी येईपर्यंत नसणार. न्यूयॉर्क त्याशिवाय अर्ज घेतं, म्हणून आपल्यातल्या अनेकजणी तिथून सुरुवात करतात. पुढे लायसन्स दुसऱ्या राज्यात 'एंडॉर्समेंट'ने नेता येतं. परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, कागद मात्र ते राज्य नव्याने तपासू शकतं. कॅलिफोर्नियाच्या नादी घाईने लागू नकोस. एखाद्या विषयाची थिअरी आणि त्याचं क्लिनिकल एकाच काळात झालेलं असावं, यावर ते अडून बसतात. तुझी मैत्रीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) आहे ना, तिलाही आरएनसाठी, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या लायसन्ससाठी अर्ज करता येतो. एएनएमला (सहायक परिचारिकेला) मात्र ही वाट नाही.

आता कागद. सीजीएफएनएस ही पडताळणी करणारी जुनी संस्था, २०२५ पासून तिचं नाव ट्रूमेरिट झालंय. न्यूयॉर्कसाठी त्यांची वेगळी पडताळणी सेवा आहे, ती निवड. तुझ्याकडची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे शिकलेल्या विषयांची आणि तासांची नोंद, तू स्वतः पाठवून चालत नाही, शिक्षणसंस्थेकडून ती थेट जावी लागते. रजिस्ट्रेशनची खातरजमाही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून थेट. तुझं नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करून घे. ट्रान्स्क्रिप्टमध्ये प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे दिसायला हवेत. मेडिकल-सर्जिकल, बाल, प्रसूती आणि मानसिक आरोग्य हे चार विषय स्वतः तपास. कॉलेजच्या ऑफिसातून मानसिक आरोग्याचे क्लिनिकल तास लिहायचे राहून गेले तर फाईल तिथेच अडकते. खेटे घालायला भावाला किंवा वडिलांना अधिकारपत्र देऊन ठेव.

आपल्याकडच्या मुलींचं घोडं खरं अडतं ते नावावर. मार्कशीटवर आधी आडनाव, मग तुझं नाव, मग वडिलांचं. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण इथे फाईल उघडणाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. मॅरेज सर्टिफिकेट आणि राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर त्याची प्रत हाताशी ठेव. प्रत्येक अर्जात पूर्वीच्या नावाचा रकाना भर. एनक्लेक्सच्या, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेच्या नोंदणीतलं नाव तर ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर परीक्षा केंद्रात आत घेत नाहीत.

एनक्लेक्स-आरएनची नोंदणी २०० डॉलर. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ ५ तास. कॉम्प्युटर तुझ्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतो आणि तू पास की नापास याची त्याला खात्री पटली की परीक्षा थांबते. त्यामुळे ८५वर स्क्रीन बंद झाली म्हणजे नापास, असं समजून रडत बाहेर येऊ नकोस. एप्रिल २०२३ पासून केस स्टडी आल्यात, एकेका रुग्णावर सहा प्रश्न.

तुझं वाचन कमी पडणार नाही. सवय आड येईल. एक नमुना बघ. चार रुग्ण आहेत. एकाचं दुखणं दहापैकी आठ, तो ओरडतोय. एका मधुमेह्याची साखर २५०. एकीला आज डिस्चार्ज आहे. चौथीचं काल थायरॉईडचं ऑपरेशन झालंय, ती शांतपणे म्हणते, "ओठांभोवती मुंग्या येतायत." आधी कुणाकडे जाशील? गर्दीच्या वॉर्डात आपले पाय ओरडणाऱ्याकडे वळतात. इथे चौथी पहिली. थायरॉईडबरोबर पॅराथायरॉईडला, म्हणजे त्याला चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींना धक्का लागला असेल तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, आणि पुढे स्वरयंत्र आवळलं तर श्वास बंद. तिच्या दंडाला बीपीचा कफ बांध, सिस्टोलिकच्या (बीपीच्या वरच्या आकड्याच्या) वर फुगवून तीन मिनिटं ठेव आणि मनगट आत वळतंय का बघ. ही तपासणी तुझी आहे, तिच्यासाठी कुणाच्या ऑर्डरची गरज नाही.

"डॉक्टरांना कळवा" हा पर्याय दिसला की आपलं बोट आपोआप तिकडे जातं, कारण शिकलो तसंच. तो पर्याय निवडण्याआधी दर वेळी स्वतःला विचार: कळवण्याआधी माझ्या हातात काय आहे? डोकं वर करणं, ऑक्सिजन लावणं, चालू रक्त थांबवणं, पुन्हा मोजणं. ते करून झालं असेल किंवा करण्यासारखं काहीच नसेल, तर कळव, आणि मग उशीर नको. रोज प्रश्न सोडव, पण चुकलेल्या प्रश्नाचं कारण वहीत स्वतःच्या शब्दांत लिही. नुसत्या टक्केवारीवरून काही कळत नाही.

या आठवड्यात दोनच कामं कर. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कधीपर्यंत आहे ते बघ, आणि सगळे कागद टेबलावर मांडून प्रत्येकावरचं नाव एका कागदावर उतरवून काढ. ती यादी मला पाठव. रविवारी दुपारी माझी ड्युटी नसते, तेव्हा फोन कर, फॉर्म आपण दोघी मिळून भरू.

तुझी,
ताई